अभ्यासाची फाइल : नमुना पाहून सौदा करा

नाशिकचा गंगापूर रोड आमच्या वाचकांना नवा नाही. अशोक स्तंभापासून निघालेला हा रस्ता केटीएचएम महाविद्यालय, आनंदवल्ली, सोमेश्वर असे टप्पे घेत गंगापूर धरणाकडे जातो. भद्रकाली, दूध बाजार, वडाळा नाका या भागांतले आपले कितीतरी कारागीर बांधव या रस्त्यावरच्या इमारतींना ग्रिल बसवतात, फर्निचर करतात, पडदे शिवतात. काम संपले की पुन्हा शहराकडे वळतात. पण हाच रस्ता पुढे धरणाजवळ यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठापर्यंत जातो. ज्यांना दिवसा वर्गात बसणे शक्य नाही, अशांसाठी १ जुलै १९८९ रोजी हे विद्यापीठ स्थापन झाले. डॉ. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू आणि ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे ब्रीदवाक्य.

सुरुवातीच्या काळात ही गंगा छापील पुस्तकांतून घरोघरी येत असे. पुस्तक उघडायला अंगठा पुरे. दुकानाच्या गल्ल्यावर, कारखान्यातल्या दिव्याखाली, बसमध्ये, कुठेही ते वाचता येते. आज पुस्तकांच्या ई-आवृत्त्या आहेत, व्याख्याने मोबाइलवर आहेत, खाजगी क्लासही सगळा मजकूर फोनवर पाठवतात. ही सोय मोठी आहे. मात्र पुस्तकाला नसलेली एक अट तिच्याबरोबर आली आहे. फाइल योग्य प्रकारची असेल तरच ती आपल्याकडे उघडते, वाचता येते आणि टिकते. या आठवड्यात आम्ही याच विषयाची ओळख करून देत आहोत. हा विषय संगणकवाल्यांचा आहे असे समजून पान उलटू नये. फी आपली जाते, रात्रही आपलीच जाते.

एका वेल्डरची रात्र

आमच्या परिचयाचा एक तरुण वेल्डर दिवसभर काम करून पदवीचा अभ्यास करतो. एका खाजगी क्लासची फी त्याने हप्त्याने भरली. परीक्षेच्या दोन दिवस आधी क्लासने नोट्स पाठवल्या. रात्री दहाला जेवण उरकून त्याने फाइल उघडली, तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरे, कंस आणि टिंबे यांची खिचडी! फोन बिघडला असे समजून दुसऱ्या दिवशी त्याने अर्धा दिवस मोडून दुरुस्तीवाल्याला पैसे दिले. त्याने फोन साफ करून दिला, त्यात जुने फोटोही गेले. नोट्स मात्र तशाच राहिल्या. तिसऱ्या दिवशी तो आमच्याकडे आला तेव्हा पेपर होऊन गेला होता.

फोनमध्ये काही बिघाड नव्हता. फाइल चुकीच्या प्रकारची होती. तिच्यातला मजकूर जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केला होता आणि तो फॉन्ट त्या मुलाच्या फोनमध्ये नव्हता. ही गोष्ट आधी ओळखायला एक मिनिट लागते. ते एक मिनिट कसे वापरावे, हे आता पाहू.

पहिले दोन प्रश्न

कपडा घेताना आपण विचारतो, शिवायचे काय आहे? फाइल घेतानाही दोन प्रश्न विचारावेत. या फाइलचे मी काय करणार, म्हणजे वाचणार, ऐकणार, पाहणार, छापणार की त्यात लिहिणार? आणि ती कशावर उघडणार, म्हणजे मोबाइलवर, संगणकावर की कागदावर? अमुक प्रकार उत्तम आणि तमुक वाईट, असे सरसकट सांगता येत नाही. ज्या कामाला जो योग्य, तो उत्तम.

पीडीएफ : पान जसेच्या तसे

अभ्यासाच्या मजकुरासाठी सर्वात जास्त चालणारा प्रकार पीडीएफ. अडोबी कंपनीने तो १९९३ मध्ये आणला आणि २००८ मध्ये तो आंतरराष्ट्रीय मानक झाला. त्याचा मोठा गुण हा की पान हलत नाही. पाठवणाऱ्याने जसे मांडले तसेच ते आपल्याला दिसते. तक्ते, आकृत्या, गणिताची सूत्रे, प्रवेश अर्ज, प्रश्नपत्रिका यांना पीडीएफच हवी.

पण हाच गुण मोबाइलवर दोष ठरतो. ए-फोर कागदाची रुंदी २१ सेंटिमीटर आणि आपल्या फोनचा पडदा साधारण ७ सेंटिमीटर. पूर्ण पान पडद्यात बसवले की सर्व काही एक तृतीयांश होते. १२ पॉइंटचे अक्षर ४ पॉइंटचे होते. इंग्रजीपेक्षा मराठीला याचा फटका अधिक, कारण आपल्या लिपीत अक्षराच्या डोक्यावर आणि पायाखालीही चिन्हे असतात. बारीक अक्षरात अनुस्वार हरवला की ‘पंत’ची ‘पत’ होते. मोठे करून पाहावे तर प्रत्येक ओळीसाठी पान डावीकडे-उजवीकडे सरकवत बसावे लागते. अर्ध्या तासात डोळे थकतात आणि मुलगा म्हणतो, “अभ्यासात मन लागत नाही.” दोष मनाचा नसतो, मापाचा असतो.

यावर उपाय तीन. फोन आडवा धरावा. मिळत असेल तर लहान पानावर मांडलेली प्रत मागावी. आणि जो भाग पुन्हा पुन्हा वाचायचा आहे तेवढाच छापून घ्यावा. संपूर्ण पुस्तक छापायचा खर्च त्यामुळे वाचतो.

फोटोची पीडीएफ आणि अक्षरांची पीडीएफ

पीडीएफ नावाखाली दोन वेगळे माल बाजारात येतात. एकात खरी अक्षरे असतात. दुसरी म्हणजे पुस्तकाच्या पानांचे नुसते फोटो एकत्र बांधलेले असतात. फोटोच्या पीडीएफमध्ये शब्द शोधता येत नाही, ती जड असते आणि मोठी केल्यावर अक्षरे फाटतात. ओळखायचे कसे? एखाद्या शब्दावर बोट दाबून ठेवावे. शब्द निवडला गेला तर त्यात अक्षरे आहेत, काहीच झाले नाही तर बहुधा फोटो आहे. तीनशे पानांच्या पुस्तकात परीक्षेच्या आदल्या रात्री ‘घसारा’ हा शब्द शोधायचा असेल तेव्हा हा फरक कळतो. फोटोचाच मजकूर हाती असेल तर गुगल ड्राइव्हमध्ये ठेवून गुगल डॉक्समध्ये उघडल्यास त्यातली छापील मराठी अक्षरे बऱ्याच अंशी वेगळी काढता येतात. मात्र आकडे आणि जोडाक्षरे मूळ पानाशी ताडून पाहिल्याशिवाय त्यावर विसंबू नये.

मराठीचा खास घोळ

आता त्या वेल्डरच्या खिचडीकडे येऊ. १९८० आणि १९९० च्या दशकांत मराठी टाइपसेटिंग वाढले तेव्हा श्रीलिपी, कृतिदेव, आयएसएम अशा पद्धती रूढ झाल्या. आपल्या छापखान्यांचे मोठे काम त्यांच्यावर झाले आणि काही ठिकाणी अजूनही होते. त्यांच्या जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागेवर मराठी आकार बसवलेले असत. ज्या संगणकात तो फॉन्ट आहे तेथे मराठी दिसते, जेथे नाही तेथे मूळ इंग्रजी चिन्हे उघडी पडतात. बाहेर पाटी मराठी आणि आत माल दुसराच, असा हा प्रकार.

युनिकोडने हा घोळ मिटवला. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासूनच त्यात देवनागरीला स्वतःची जागा आहे. म्हणून आजच्या कोणत्याही फोनवर युनिकोड मराठी दिसते, शोधता येते आणि निरोपातही पाठवता येते.

जुन्या फॉन्टमधला मजकूर वर्डच्या फाइलमध्ये आला तर धोका सर्वाधिक. तोच पीडीएफ करून, फॉन्ट आत बांधून पाठवला तर निदान दिसतो बरोबर, पण शब्द शोधला तर सापडत नाही. परीक्षा सोपी आहे. फाइलमधले एक वाक्य निवडून व्हॉट्सॲपच्या निरोपात चिकटवावे. मराठी उमटले तर युनिकोड, खिचडी उमटली तर जुना फॉन्ट. तेव्हा क्लासवाल्याला स्पष्ट सांगावे, “आम्हाला युनिकोडमध्ये द्या, नाही तर पीडीएफ करून द्या.”

ई-पब : पाण्यासारखा मजकूर

लांबलचक वाचनासाठी ई-पब हा प्रकार चांगला. तो २००७ मध्ये मानक म्हणून पुढे आला. पाणी जसे भांड्याचा आकार घेते तसा यातला मजकूर पडद्याचा आकार घेतो. अक्षर मोठे केले की ओळी आपोआप नव्याने मांडल्या जातात, पान सरकवावे लागत नाही. चाळिशी लागलेल्या दुकानदाराला आणि बसमध्ये वाचणाऱ्या मुलीला याचे मोल कळेल. गुगल प्ले बुक्ससारख्या मोफत ॲपमध्ये ई-पब उघडते. मोठे तक्ते, सूत्रे आणि आकृत्या मात्र यात विस्कटतात. म्हणून इतिहास, मराठी, समाजशास्त्र ई-पबमध्ये आणि हिशेब व गणित पीडीएफमध्ये, असा ढोबळ नियम ठेवावा. वेबपानावरचा धडाही असाच पडद्याप्रमाणे वळतो. क्रोममध्ये ते पान डाउनलोड करून ठेवले तर नेट नसतानाही वाचता येते.

वर्ड, एक्सेल आणि पॉवरपॉइंट

वर्डची फाइल वाचण्यासाठी नसून लिहिण्यासाठी आहे. स्वाध्याय भरायचा असेल, अर्जाचा मसुदा करायचा असेल तर ती घ्यावी. एका फोनवर नीट दिसणारी मांडणी दुसऱ्यावर विस्कटते, म्हणून काम पूर्ण झाले की पीडीएफ करूनच पुढे द्यावी.

जीएसटी १ जुलै २०१७ पासून लागू झाल्यानंतर आपले अनेक व्यापारी बांधव आणि त्यांची मुले हिशेबाचे ऑनलाइन अभ्यासक्रम करू लागली. त्यांच्यासाठी एक महत्त्वाची सूचना. सरावाचा तक्ता पीडीएफमध्ये घेऊ नये. पीडीएफमध्ये फक्त उत्तर दिसते. ते कोठून आले, कोणत्या खान्याला कशाने गुणले, हे एक्सेलच्या फाइलमध्येच कळते. सीएसव्ही नावाचा साधा प्रकारही मिळतो. तो हलका असतो, पण त्यात सूत्रे नसतात, आणि एक्सेलने तो उघडताना आकड्याच्या सुरुवातीचे शून्य गळते. चहाचा एचएसएन क्रमांक ०९०२ आहे. तो ९०२ झाला तर किराणा व्यापाऱ्याचे बिलच चुकेल.

पॉवरपॉइंट म्हणजे शिक्षकाच्या बोलण्याचे मुद्दे. बोलणे ऐकले नसेल तर नुसत्या मुद्द्यांवरून विषय समजत नाही. फक्त पॉवरपॉइंट देऊन पूर्ण फी मागणाऱ्या क्लासला पुन्हा विचारावे, “व्याख्यान कोठे आहे?”

कारागिरांसाठी : पाहणे, ऐकणे आणि मापाने छापणे

हाताचा हुनर वाचून येत नाही, पाहून येतो. वेल्डिंगच्या कांडीचा कोन, बाहीची गोलाई, करवतीची चाल यांसाठी व्हिडिओच हवा. त्यात एमपी-फोर हा प्रकार घ्यावा, कारण तो जवळपास प्रत्येक फोनवर चालतो. पण व्हिडिओ डेटा खातो. हिशेब करून पाहू. सेकंदाला ५०० किलोबिट या बेताच्या दर्जाचा एक तासाचा व्हिडिओ सुमारे २२५ एमबी होतो. सेकंदाला ४ मेगाबिट दर्जाचा तोच तास १,८०० एमबी होतो, म्हणजे रोजचा दीड जीबीचा पॅक तास पुरा होण्याआधीच संपला. आणि फक्त आवाज घेतला, सेकंदाला ६४ किलोबिटची एमपी-थ्री, तर तास २९ एमबीत आटोपतो. तीस तासांचा अभ्यासक्रम बेताच्या व्हिडिओत पावणेसात जीबी, आवाजात एका जीबीच्याही आत.

म्हणून व्यवहार असा करावा. जेथे हात पाहायचा आहे तेथे व्हिडिओ. जेथे फक्त माणूस बोलत आहे, म्हणजे कायदा, इतिहास, व्यवस्थापन, तेथे आवाज. शिवणयंत्रावर किंवा यंत्रमागावर बसणाऱ्याने मात्र काम चालू असताना कानात काही घालू नये. यंत्राचा बदललेला आवाज ऐकू न येणे महागात पडते. ऐकायचे ते जाण्यायेण्याच्या वेळात ऐकावे.

सरकारी सोयीही पाहाव्यात. चेन्नईची ‘निमी’ ही संस्था १९८६ पासून आयटीआयच्या व्यवसायांसाठी पुस्तके तयार करते, त्यात मराठी पुस्तकेही आहेत. केंद्राच्या ‘भारत स्किल्स’ या पोर्टलवर आयटीआयच्या व्यवसायांचे साहित्य मोफत आहे. ९ जुलै २०१७ रोजी सुरू झालेल्या ‘स्वयम्’वर व्हिडिओबरोबर वाचनाचा मजकूर आणि स्वयंचाचणीही असते. आयआयटींच्या ‘एनपीटीईएल’मध्ये व्याख्यानातल्या बोलण्याचे लिखित रूप पीडीएफमध्ये मिळते. तासाभराच्या व्हिडिओऐवजी ते लिखित रूप वाचले तर डेटा आणि वेळ दोन्ही वाचतात.

शिंपी आणि सुतार बांधवांसाठी एक खास गोष्ट. कटिंगचा नमुना पीडीएफमध्ये आला आणि तो छापायचा असेल, तर छपाईच्या खिडकीत ‘पानात बसवा’ हा पर्याय निवडू नये, ‘मूळ माप, १०० टक्के’ निवडावे. नाही तर नमुना आक्रसतो आणि कापड वाया जाते. बऱ्याच नमुन्यांवर तपासणीसाठी एक चौकोन दिलेला असतो. पहिले पान छापून त्या चौकोनावर टेप लावावा. माप जुळले तरच पुढची पाने छापावीत.

टिकणारे आणि उसने

एके काळी संगणकावरचे अनेक सचित्र धडे फ्लॅश या प्रकारात बनवले जात. ३१ डिसेंबर २०२० रोजी त्याच्या निर्मात्या कंपनीनेच फ्लॅशचा आधार काढून घेतला आणि जे धडे दुसऱ्या प्रकारात बदलून घेतले नव्हते ते सामान्य संगणकावर उघडेनासे झाले. यातून बोध असा की एकाच कंपनीच्या मर्जीवर चालणाऱ्या प्रकारापेक्षा सर्वांना खुले असलेले मानक प्रकार घ्यावेत.

ॲपच्या आत केलेले डाउनलोड ही देखील आपली फाइल नसते. ती त्या ॲपमध्येच उघडते आणि मुदत संपली की जाते. भाड्याच्या गाळ्याला आपले घर समजू नये. म्हणून फी भरण्यापूर्वी विचारावे, मुदत संपल्यावर आमच्या हाती काय राहील? आणि जी फाइल हाती राहते तिच्या दोन प्रती ठेवाव्यात, एक फोनमध्ये आणि एक पेनड्राइव्ह किंवा मेमरी कार्डमध्ये.

सावधान : नावाला फसू नका

व्हॉट्सॲपवर हल्ली लग्नपत्रिका, वाहनाचा दंड, बँकेची सूचना अशा नावांनी फाइली येतात आणि दाबल्या की बँक खाते रिकामे होते. अभ्यासाच्या नोट्सच्या नावानेही असा माल येऊ शकतो. नावाचे शेवटचे अक्षर पाहावे. ‘पीडीएफ’ने संपणारी फाइल वाचण्याची आहे. ‘एपीके’ने संपणारी फाइल ही फाइल नसून फोनमध्ये शिरणारा प्रोग्राम आहे. संगणकावर ‘ईएक्सई’चेही तसेच. नावात मध्ये कोठेतरी ‘पीडीएफ’ लिहिले असले तरी शेवट ‘एपीके’ असेल तर हात लावू नये. कोणत्याही पुस्तकाला वाचण्यासाठी तुमचे निरोप किंवा ओटीपी पाहण्याची परवानगी लागत नाही.

आपण पाठवताना

स्वाध्याय अपलोड करताना वहीचे दहा सुटे फोटो पाठवू नयेत. फोनमधल्या स्कॅनच्या सोयीने पाने क्रमाने घेऊन एकच पीडीएफ करावी. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेले पान आक्रसते आणि अक्षरे पुसट होतात, तेच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवले तर जसेच्या तसे जाते. पाठवण्यापूर्वी फाइल दुसऱ्या कुणाच्या फोनवर उघडून पाहावी. आपल्या फोनवर दिसते म्हणून तपासनीसाला दिसेलच असे नाही.

फी भरण्यापूर्वी पाच प्रश्न

१. मजकूर कोणत्या प्रकारच्या फाइलमध्ये देणार? नमुन्याचा एक धडा आधी पाठवा.
२. मराठी युनिकोडमध्ये आहे काय?
३. व्हिडिओ कमी दर्जात किंवा फक्त आवाजात मिळेल काय?
४. नेट नसताना अभ्यास करता येईल काय?
५. मुदत संपल्यावर फाइल आमच्याकडे राहील काय?

नमुना आल्यावर तो स्वतःच्याच फोनवर उघडावा, दुकानातल्या मोठ्या संगणकावर नव्हे. एक शब्द शोधून पाहावा, एक वाक्य चिकटवून पाहावे, नेट बंद करून पाहावे. दहा मिनिटांचे हे काम आहे.

आपण धान्याच्या पोत्यात हात घालून मूठभर दाणे तळहातावर घेतल्याशिवाय भाव बोलत नाही. कापडाचा धागा ओढून पाहतो, लोखंड वाजवून पाहतो. ही पारख आपल्या हातात पिढ्यान्‌पिढ्या आहे. मग मुलांच्या तालमीचा सौदा करतानाच आपण डोळे का मिटतो? तो वेल्डर पुढच्या सत्रात पुन्हा त्याच विषयाला बसला. या वेळी त्याने नोट्स घेण्यापूर्वी एक वाक्य चिकटवून पाहिले, खिचडी उमटली आणि त्याने फाइल परत केली. दोन दिवसांत त्याला युनिकोडची पीडीएफ मिळाली. ती मिळण्यासारखीच होती, फक्त आधी कोणी मागितली नव्हती.